टोपी तीच, डोकं दुसरं

ओरेलिया : हातमोजे राहू द्या बाई. मी हात बघणार नाहीये.

विनिफ्रेड : असं काय करता मॅडम? अख्खं लंडन तुमचं नाव घेतं. ते जहाज बुडणार, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. पेपरात फोटो आला होता तुमचा!

ओरेलिया : जहाज बुडेल, एवढंच म्हणाले होते. युद्धात जहाजं बुडणार नाहीत तर काय उडणार? चहा घ्या आणि निघा. साखर नाहीये.

विनिफ्रेड : माझे यजमान, हर्बर्ट, एप्रिलपासून बेपत्ता आहेत. घरी येतील का, तेवढं सांगा.

ओरेलिया : पाठ छान केलंय. टोपीही छान आहे.

विनिफ्रेड : टोपीचं काय मध्येच?

ओरेलिया : गेल्या मंगळवारी आली होती की माझ्याकडे. हेच निळं पीस, हाच मोडका शेंडा. डोकं तेवढं दुसरं होतं. ज्योतिषिणी पकडायला पाठवता त्या सगळ्या बायकांत मिळून एकच टोपी का हो तुमच्या चौकीत?

(विनिफ्रेड टोपी काढून मांडीवर ठेवते. खाली रस्त्यावर कोणीतरी दोनदा खोकतं.)

ओरेलिया : तो खोकतोय तो तुमचा सार्जंट ना?

विनिफ्रेड : हो.

ओरेलिया : भविष्य सांगितलं म्हणून दोनदा दंड भरलाय मी. आता 'येईल' किंवा 'येणार नाही', यातलं काहीही तोंडातून गेलं की थेट तीन महिने आत. या वयात, हे धरलेले गुडघे घेऊन. तेव्हा जा, आणि म्हातारी काही बोलली नाही म्हणून सांगा.

विनिफ्रेड : सांगते.

ओरेलिया : मग उठा की. एक सांगा, मंगळवारच्या बाईचा नवरा जॅक होता. तुमचा हर्बर्ट कसा?

विनिफ्रेड : मलाही जॅकच म्हणायला सांगितलं होतं. जीभ वळली नाही.

ओरेलिया : म्हणजे खरंच बेपत्ता आहे?

विनिफ्रेड : फ्रान्समध्ये. लष्कराकडून एक छापील कागद आला, नाव तेवढं हातानं लिहिलेलं. सासूबाई म्हणतात काळे कपडे घाल. आई म्हणते, घातलेस तर याद राख. चौकीतलं हे काम मी मागून घेतलं मॅडम. म्हटलं, त्या निमित्तानं चार जणींना विचारता येईल.

ओरेलिया : काय म्हणाल्या?

विनिफ्रेड : चौघीही म्हणाल्या, येईल. चौघीही आत गेल्या. माझ्याच साक्षीवर.

ओरेलिया : अगं मग आता मला कशाला विचारतेस!

विनिफ्रेड : मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दारात आलेल्या प्रत्येकीला तेच सांगत असणार त्या. तुम्हाला ठाऊक आहे. तीन महिने भोगायचे असताना कोणी उगीच गोड बोलत नाही.

ओरेलिया : चांगलं कोंडलंस की गं मला. आणि मी गप्प बसले तर?

विनिफ्रेड : तर समजेन, तुम्हाला दिसलंय आणि सांगवत नाहीये.

ओरेलिया : मला काहीही दिसत नाही, पोरी! पत्ते दुकानातले, नाव खोटं. मी एडा पॉटल. बाप कोळसा विकायचा.

विनिफ्रेड : तुरुंग चुकवायला कोणीही असंच म्हणेल.

ओरेलिया : बघ, परत खोकला.

विनिफ्रेड : आता वर येईल तो.

ओरेलिया : हर्बर्टचे घरातले बूट काय केलेस?

विनिफ्रेड : दर रविवारी पॉलिश करते.

ओरेलिया : करत राहा. येईल तो. काढ वही, लिही.

विनिफ्रेड : ...लिहिलं.

ओरेलिया : रडू नकोस, शाई फुटेल. उद्या कोर्टात काय विचारतील गं तुला?

विनिफ्रेड : या बाईवर तुमचा विश्वास बसला का, असं विचारतात. चारही वेळा मी नाही म्हणाले. तेव्हा बसलाच नव्हता.

ओरेलिया : आणि उद्या?

विनिफ्रेड : बायबलवर हात असतो मॅडम. खोटं कसं बोलू?