पहिला वार

मंचर स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत दोन मिशीवाले गडी कार्डांच्या खेळावरून हुज्जत घालत होते.

"कल्पेश, माझा नाग विषारी हाय. नुसता टेकला तरी तुझा शिपाई खलास!"

"गोरख, पण शिपायाला पहिला वार आहे. नाग टेकायच्या आधीच मरणार."

"मग एवढं इख घेऊन काय चाटायचंय?"

"नियमच आहे तो. बरं, लोणीला मेव्हणीचा साखरपुडा टाकून स्पर्धेला निघालास, ते वहिनीला सांगितलंस का?"

"सांगतो की. असलं कारण जुळवलंय, ऐकून गपगार व्हईल."

"मग तिचा फोन यायच्या आधी तू लाव."

तेवढ्यात गोरखचा फोन वाजला.

"हां, हर्षाली... न्हाई गं... आगं, ऐक तरी... व्हय. व्हय."

"काय म्हणाली?"

"लोणीची गाडी कुठं लागती रं?"