आईला सांगू नकोस

डहाणूच्या एसटी स्टँडवर तलासरीच्या गाडीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे एक बाई आणि तिची नववी-दहावीतली मुलगी उभ्या होत्या.

"आई, रागावणार नाहीस ना?"

"आधी सांग तर, शीतल."

"फेसबुकवर एक ताई भेटली. माझ्या नाचाचा व्हिडिओ बघून म्हणाली, टीव्हीच्या स्पर्धेत तुझी निवड झाली."

"मग?"

"म्हणाली, आईच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो गुपचूप पाठव. आईला सांगू नकोस, सरप्राइज दे."

"पाठवलास?"

"नाही. तू भाकऱ्या थापत होतीस. मोबाइल हातात घेतला, पण नाही पाठवला."

"का गं?"

"ती म्हणाली, तुझ्या आईला नाचातलं काय कळतं? तारप्याच्या सुरावर नाचायला तर तूच शिकवलंस मला."

बाईने पदर डोळ्यांना लावला.

"आई, रडतेस काय?"

"कुठे रडते? हसते आहे मी."

"म्हणजे सगळं खोटंच होतं?"

"निवड खोटी गं. नाचतेस तू छानच. चल, पोलिसांना सांगून येऊ. नाहीतर ती दुसऱ्या कुणाच्या पोरीला गाठेल."

"आणि गाडी?"

"मागची मिळेल. जाता जाता मला तो व्हिडिओ दाखव."