चार पावलांवरची विहीर

माननीय अध्यक्ष प्राचार्य नागेंद्र सर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या उपासना मॅडम, आणि मघापासून चहाच्या वासानं चुळबुळणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी परशराम पाटील, भाषाविभागाचा कारकून. विद्वत्तेचं बोलायला सर मंडळी आहेत. मॅडमच्या संशोधनाचं टेबल अकरा वर्षं गावोगाव उचलून नेलं, एवढाच काय तो माझा हक्क.

त्या टेबलावर भाकरी ठेवायची, शेजारी रबरी विंचू. दोन्ही टेपनं मोजून सारख्याच अंतरावर. समोरच्याला म्हणायचं, काय दिसतंय ते सांगा. जांबोटीपासून निपाणीपर्यंत बहुतेक जण म्हणाले, ‘ही भाकरी’ आणि ‘तो विंचू’! अहो, अंतर तेवढंच, मग विंचवाला लांब नेला कुणी? मॅडम म्हणाल्या, “अर्थानं, परशराम. आपलं वाटतं ते माणूस जवळ घेतं, भय वाटतं ते लांब ठेवतं.” मी थक्क झालो. रोज तोंडातनं एवढं बाहेर पडतंय आणि आपल्याला पत्ताच न्हाय?

मग आम्ही चिकोडीजवळ माझ्याच गावी गेलो. नव्वदीच्या तानीबाईंच्या दारात टेबल मांडलं. उंबऱ्यापासून चार पावलांवर विहीर. नदी मैलभर लांब, जन्मभर त्यांनी पाणी वाहिलं ते तिथून. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “ही नदी आमची. ती हीर पाटलांची.”

त्यांच्या माणसांना त्या विहिरीला हात लावू दिला नव्हता तो माझ्या आजोबांनी. आता विहीर सगळ्यांना मोकळी आहे, तानीबाई तिचंच पाणी पितात. तरी ‘ती’च! मी धावत जाऊन कळशी भरली, तांब्या त्यांच्या हातात दिला. म्हटलं, “आक्का, आता तरी म्हणा की, ही हीर.”

त्या प्याल्या. पदरानं तोंड पुसलं. “ग्वाड हाय रं बाबा,” म्हणाल्या, “पर ती तुमचीच.”

मी मॅडमच्या कानाशी लागलो, “एवढं एक ‘ही’ लिहा हो.”

त्या म्हणाल्या, “परशराम, माझी आजीसुद्धा गावच्या विहिरीला ‘ती’च म्हणायची. तिचंही खोडू?” आणि ऐकलं तेच लिहिलं.

मॅडम, ऐकायला शिकवलंत, आपले आभार कसे मानू? सर्वांनी वेळ दिलात, आपलाही ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते सभागृहानं पोटात घालावं.

तानीबाई पहिल्या रांगेत बसल्यात. आक्का, विहिरीचं तेवढं पोटात घालू नका. पण माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी मागितली न्हाय.