उतारावरचा सिंह

नाही, तो नव्हे – तो अर्धवट सोडलेला दुसराच. तू विचारतेयस तो दगडी सिंह तिकडं उतारावर, दोन तुकडे होऊन पडलाय ना, तो. हत्तुशा राजधानीच्या वेशीसाठी होता, महाराजांच्या. ये, बस इथं सावलीत. कुक्कुली पाथरवटाची लेक म्हणजे आमचीच की! इथून गेलात तेव्हा आईच्या कडेवर होतीस. कशी आहे आई? – गेली? असू दे, असू दे, नको सांगूस.

बापाचं काय सांगू तुझ्या? हात चांगला होता त्याचा, पण चूक झाली. खाचांत लाकडी पाचरी ठोकायच्या, पाणी पाजायचं, लाकूड फुगतं, दगड सुटतो – त्यानं घाईनं पाजलं, आत तडा गेला. तसंच सांगितलं मी सुभेदाराच्या माणसाला. खाणीचा मुकादम मी, सांगावंच लागतं. दोर लावून सिंह उतारावरनं सोडत होतो, तो मधोमध फाटला. बाप तुझा खालच्या अंगाला, त्याखालीच गेला. बद्द वाजणारा दगड दगा देतोच, पोरी –

काय? बद्द वाजत होता हे मला कसं ठाऊक? अगं, सगळ्यांनाच – नाही. सगळ्यांना नाही. त्याला. सकाळी आला, म्हणाला, "आरमाझिती, कान लाव, ह्याच्या पोटात काहीतरी आहे. हलवू नकोस." चारचौघांत म्हणाला गं! मी हातोडा मारून बघितला. बद्दच वाजला. आणि मी – मी हसलो. म्हणलं, "तुझ्याच कानात मळ साचलाय, घरी जा, बायकोकडनं काढून घे." सगळे हसले. तोही हसला. दोन हिवाळे घडवला होता मी तो सिंह, त्याची आयाळ, जबडा – राजधानीत माझं नाव विचारतील म्हणून. आणि तो घरी गेला नाही. म्हणाला, "मग मी खाली उभा राहतो, तडकला तर मला आधी ऐकू येईल."

पाणी त्यानं नीट पाजलं होतं. वादळदेवाची शपथ घेऊन खोटं बोललो मी. सुभेदारानं दंड म्हणून तुमचं घर काढून घेतलं, तुझी आई माझ्या दारात आली, हाका मारत होती – मी आत बसून होतो. श्वास रोखून.

बघतेस काय अशी? शिव्या दे. नाही? मग ऊठ, नदीपलीकडं सुभेदाराची कचेरी आहे, सांग जाऊन सगळं. मी नाही येत. मला नाही चालवत तिथवर –

चालवतं. चालवतं गं, धीर होत नाही एवढंच. तू जा.