शब्बीरभाईंची मोसंबी

मंडळी, भाभी, नसीम. कामधंदे सोडून तुम्ही सगळे आलात. शब्बीरभाई गेले, त्यांच्याबद्दल मला बोलायला सांगितलंय. आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, तास भरायची सवय आहे. आज मात्र वाक्य जुळत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा शब्बीरभाईंच्या वडिलांची जहागीरदाराच्या बागेतली नोकरी सुटली. त्यांनी पैठण रस्त्याला रोपवाटिका काढली. शब्बीरभाईंनी ती शेवटपर्यंत चालवली.

एका वर्षी मोसंबीला सोन्याचा भाव आला. माझी कन्नडला तीन एकर जमीन. मी रोपं मागायला गेलो. त्यांनी दिली नाहीत. म्हणाले, "सर, भाव आज वाढला. झाडाला कोण सांगणार? त्याला पाच वर्षं लागतात. तुमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं?" मला राग आला. भाव वाढला की पुरवठा वाढतो, हे पोरांना शिकवणारा माणूस मी! रोपं दुसरीकडून आणली.

सहाव्या वर्षी फळ आलं. तालुक्यात सगळ्यांचंच आलं. भाव पडला. मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो, कशाला ते आजही कळत नाही. त्यांनी चहा मागवला. "ज्वारीला भाव आला तर माणूस पुढच्या हंगामात जास्त पेरतो. कापसाचा पडला तर घरात भरून ठेवतो. मोसंबी थांबती व्हय, सर? यायला लई वर्षं, ठेवायला चार दिवस." एवढंच. 'मी सांगितलं होतं,' असं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितलं. पुरवठा कुठं लवचिक, कुठं ताठ. वेळ, पाणी, साठवण. पोरांना एका तासात कळलं. मग दरवर्षी सांगितलं. माझ्या नोट्समध्ये छापलं. पोरं म्हणायची, सरांची मोसंबी. ती माझी नाही, असं मी कधी म्हणालो का? कधीच नाही.

नसीम, त्यांची मुलगी, माझ्याच वर्गात होती. काल तिला विचारलं, "तू ओळखलं होतंस?"

म्हणाली, "त्याच दिवशी, सर. घरी अब्बांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, सरांना बोलू नको, चांगलं शिकवतात."

मला लाज वाटते. हे त्यांच्यासमोर सांगायचं होतं, ते राहिलं.

इथं माझे बरेच विद्यार्थी बसलेत. ती मोसंबी शब्बीरभाईंची. जुन्या वह्या असतील तर तिथं त्यांचं नाव लिहा.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. मी तर नाहीच. इतकी वर्षं बोललो, ते त्यांचंच होतं.