भिंतीवरच्या चार फळ्या

आमचं माहेर अमळनेरकडलं, ताई, तापीकाठचं, आणि लग्न होऊन आली ती सुरतेत, लिंबायतला. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आणि तुमच्यासारखं कोणी भेटलं की ही अशी मराठी, हसू नका. पोरीचे पप्पा लूमवर होते, तिथल्या धुळीने छाती धरली त्यांची, जिना चढला की दम, डॉक्टर बोलले मोकळ्या हवेत राहा, मग कोणी ओळख काढून दिली आणि आम्ही कडोदऱ्याच्या पुढे या शेठच्या वाडीवर राखणीला आलो. एक खोली, वर पत्रा, समोर आंबा. पोरगी तेव्हा एवढीशी होती, आता बारावीला आहे, काय सांगू तुम्हाला, आमच्या दोन्ही घरांत बारावीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी.

आता त्या फळ्यांचं सांगते. शेठ-शेठाणी हिमाचलला फिरायला गेले, तिथं लाकडाचं घर बघून आले आणि शेठाणीने हट्टच धरला, वाडीवर तसंच घर पाहिजे, बाहेरून सगळ्या भिंतींना लाकूड, रानातल्या घरासारखं. बरं, बांधायचं कुठे, तर आंब्यासमोर. म्हणजे आमच्या खोलीच्या जागी. आम्हाला कोणी समोर बसवून सांगितलं नाही हो, मिस्त्री माप घेत होता त्याच्या तोंडून ऐकलं, ही खोली तर निघणार. मी हातातला झाडू तसाच धरून उभी राहिली.

पण लाकूड कोणतं, त्यावर त्यांचं जमेना. शेठला साग पाहिजे, शेठाणीला पाईन, मिस्त्री बोलला बाभूळ बघा, आणि दुकानवाला बोलला लाकूडच नको, सिमेंटची फळी घ्या, दिसते लाकडासारखी आणि उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही. शेवटी मिस्त्रीनेच तोडगा काढला, चारींचा एक-एक तुकडा पावसाच्या बाजूच्या भिंतीला ठोका, एक चोमासं, म्हणजे अख्खा पावसाळा, जाऊ द्या, ऊन-पाण्यात रंग कसा होतो, कोणती टिकते, दिवाळीला बघा आणि मग ठरवा. आणि भिंत कोणाची? आमची. जी खोली पाडायची तिच्याच भिंतीला ठोकल्या, बघा!

तेव्हापासून उठली की आधी त्या भिंतीकडे जायची मी. पाईन वाकली की बरं वाटायचं, बाभूळ तडकली की बरं वाटायचं, मनात म्हणायची सगळ्याच खराब होऊ दे, यांचा नादच सुटू दे. पण तो साग, नुसता राखाडी झाला, बाकी जसाच्या तसा. पोरीचे पप्पा बोलायचे, अगं विचार शेठाणीला, आम्ही कुठे जायचं. मी कशी विचारू? विचारलं आणि ती बोलली निघा, तर? पोरीची शाळा इथं, यांची छाती इथं बरी.

अशात गेल्या सालची दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळीला घर झाडलं-पुसलं की दाराला, चौकटीला, खाटेच्या पायांना, जे काय लाकूड असेल त्याला गोडं तेल चोळतात, सासूने शिकवलेलं, हाताला सवयच आहे. चोळत चोळत त्या भिंतीला गेली आणि चारी फळ्यांना तेल लावून मोकळी झाली. सिमेंटच्या फळीला पण! देवाशपथ सांगते, मनात काही नव्हतं. पाडव्याला शेठ-शेठाणी आले, मिस्त्री आला, आणि फळ्या बघतात तर चकचकीत. मिस्त्रीने कपाळावर हात मारला, अरे मासी, आ शुं कर्युं, हे काय केलं! रंग बघायचा होता तोच गेला, आता नव्या ठोका आणि अजून एक चोमासं थांबा.

शेठाणी माझ्याकडे वळली. मासी, मुद्दाम तर नाही ना केलं? नाही बेन, पोरीची आण. आणि कसं काय माहीत, तोंडातून निघूनच गेलं, पण बेन, तुमचं घर झालं की आम्ही कुठे जायचं? तिने खरंच त्याचा विचार केलेला नव्हता, तोंडावर दिसत होतं. जोईशुं, बोलली. बघू.

ते बघू अजून चाललंय. नव्या चार फळ्या ठोकल्या, त्यावरून यंदाचं चोमासं पण गेलं. परवा शेठाणीचा फोन, पाडव्याला येतो, मासी या वेळी हात लावू नका हं. फळी ठरली की लगेच काम काढणार, आणि पोरीची परीक्षा तर फाल्गुनात. काल दाराला तेल लावत होती, तर पोरीचे पप्पा खाटेवरून हळूच बोलले, लाई दे ना औंदा बी, म्हणजे त्या फळ्यांना यंदा पण लावून टाक. सकाळपासून मी पण तेच घोकत होती. वाटी घेऊन भिंतीपर्यंत गेली, खोटं कशाला बोलू. साग तसाच, राखाडी, आता शेठाणीला पण आवडेल असा. हातच पुढे होईना. गेल्या साली पोरीची आण घेतली ती खरी होती. औंदा शेठाणीने विचारलं तर कोणाची घेऊ?

होऊ दे बाई त्यांचं घर, चांगलं होऊ दे, इतकी वर्षं सांभाळलं त्यांनी आम्हाला. फक्त पोरीचे पेपर या खोलीत होऊ दे. वाटीत तेल उरलं होतं. पोरगी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली, मी तिच्या मागे बसली आणि तिच्या डोक्याला चोळलं. मम्मी, आ तो खावानुं तेल छे, खायचं तेल म्हणून ओरडली ती. गप बस, म्हटलं, वाच तू.