सिगारची वाफ, मटणाची वाफ

मी नवऱ्याला भर रविवारी उपाशी बसवलं, असं दुबईच्या अख्ख्या इंटरनॅशनल सिटीत पसरलंय. तर आता माझ्या तोंडून ऐका.

डॉक्टरांनी छातीचं सांगितल्यावर ह्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सिगार सोडली. आणि त्या सकाळी बघते तर माझ्या लोणच्याच्या बरणीत भारीतली सिगार कातरून ग्लिसरीनमध्ये मुरत घातलेली!

“हे काय हो?”

“अर्क काढतोय, व्हेपमध्ये, म्हणजे त्या बॅटरीवरच्या सिगारेटीत भरायला. कोको, देवदार, जुनं चामडं, सगळा स्वाद त्या वाफेत उतरतो.”

“चामडंच पाहिजे तर चप्पल चाटा. शपथेचं काय?”

“शपथ धुराची होती. ही नुसती वाफ आहे, हबीबी.”

हबीबी म्हणे! दुपारी मटण शिजलं. ह्यांचं ताट मांडलं, पातेलं नाकासमोर धरलं, झाकण उघडलं, चांगली वाफ घेऊ दिली आणि झाकण लावून टाकलं.

“अगं, वाढ की!”

“वाढलं. नुसती वाफ आहे, पण सगळा स्वाद उतरलाय. खोबरं लागलं का नीट?”

लेक मटणाची नळी चोखत म्हणाली, “पप्पा, यू आर सो फिनिश्ड.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्या नळीकडे बघितलं, उठले आणि बरणी सिंकमध्ये उपडी केली.

“खलास. आता तरी वाढ.”

“आधी बरणी घासा,” मी म्हटलं, “मला लिंबाचं लोणचं घालायचंय.”